बॅस्कम प्रकरणाला किती महत्त्व द्यायचं?

खाडीकाठ (ठाणे): नौपाड्यातल्या वाचक गटात पुढच्या महिन्यात अमेरिकी लष्कर आणि अपाची (अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या मूळ रहिवासी जमाती) यांच्या संघर्षावर अर्ध्या तासाचं टिपण वाचायचं आहे. जिथे बघावं तिथे १८६१ चं बॅस्कम प्रकरण हेच मूळ कारण म्हणून येतं. एका लेफ्टनंटच्या चुकीवर २५ वर्षांचं युद्ध पेटतं का? आणि मूठभर माणसं एवढ्या फौजेला पुरून कशी उरली?

नकाशेवाला (ऐरोली): आधी घटनाक्रम पक्का करा. जानेवारी १८६१ च्या अखेरीस ॲरिझोनात जॉन वॉर्डच्या रँचवरून गुरं आणि त्याचा सावत्र मुलगा पळवला गेला. पळवणारे पश्चिमेकडचे अपाची होते, पण अमेरिकी लष्कराच्या लेफ्टनंट बॅस्कमने आळ घेतला चिरिकाहुआ या दुसऱ्या अपाची गटाचा नायक कोचीस याच्यावर. बोलणीसाठी बोलावून त्याला पकडायला गेले तेव्हा कोचीस तंबू फाडून निसटला, त्याचे नातलग मात्र अडकले. मग त्यानेही माणसं ओलीस धरली. अदलाबदल जमली नाही. त्याने ओलीस मारले, लष्कराने सहा अपाचींना फासावर चढवलं. त्यात कोचीसचा भाऊ कोयुंतुरा होता.

बहुतेक टिपणं चुकतात ती ‘अपाची’ म्हणजे एक राज्य धरण्यात. गट वेगवेगळे होते आणि एका गटाचा नायक दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊ शकत नव्हता. तह मोडण्याचंही हे एक मोठं कारण. शिवाय मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांताने १८३५ मध्येच अपाचींना मारून डोक्याची केसांसकट कातडी आणणाऱ्याला इनाम लावलं होतं, म्हणजे वैर अमेरिकी लोक येण्याआधीचं. बॅस्कम ही ठिणगी खरी, पण सरपण तिच्या कितीतरी आधी रचलेलं होतं.

रानवाट (घोडबंदर रोड): दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाण्यात आहे. मे महिन्यात येऊरच्या जंगलात एकच झरा वाहता आहे आणि सगळी वाहतूक त्याच्यावरूनच जाते, अशी कल्पना करा. ॲरिझोनातली अपाची पास ही खिंड तशीच. जुलै १८६२ मध्ये अमेरिकी लष्कराची कॅलिफोर्नियाहून निघालेली तुकडी सुमारे ४० मैल तहानलेली चालून आली, तर झऱ्यावरच्या उंचवट्यांवर अपाची आडोसे रचून बसलेले. बंदुकींनी भागेना. दोन डोंगरी हॉवित्झर तोफांनी त्यांना हटवावं लागलं. त्याच महिन्यात तिथे फोर्ट बॉवी हा लष्करी तळ उभारायला घेतला, तो झरा ताब्यात राहावा म्हणून.

फौजेची अडचण रसदीची. चाकाच्या गाड्या डोंगरात चढत नाहीत, घोड्यांना दाणा लागतो. अमेरिकी लष्कराच्या जनरल क्रुकने गाड्या सोडून खेचरांवर ओझी लादली आणि माग काढायला अपाचीच भरती केले. १८८३ च्या सिएरा माद्रे (मेक्सिकोतली डोंगररांग) मोहिमेत १९३ अपाची वाटाडे होते, घोडदळाचे शिपाई जेमतेम ४५.

खाडीकाठ: सरपण आणि पाणी, दोन्ही घेतो. अपाचींवर हल्ले करणारे वसाहतवाले म्हणजे फक्त गोरे, असं लिहिलं तर चालेल?

नकाशेवाला: नको. ३० एप्रिल १८७१ ला ॲरिझोनातल्या कॅम्प ग्रँट या लष्करी तळाजवळ शरण येऊन राहिलेल्या अपाचींवर हल्ला झाला, त्यात टूसॉन गावातले मेक्सिकन वंशाचे लोक आणि तोहोनो ओओधाम या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीचे योद्धे बहुसंख्य होते, गोरे अमेरिकी अवघे सहा. मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुलं. खटला चालला, ज्युरीने १९ मिनिटांत सगळ्यांना सोडलं.

रानवाट: शेवट ४ सप्टेंबर १८८६ च्या, चिरिकाहुआंचा लढवय्या नेता जेरोनिमो याच्या शरणागतीवर थांबवू नका. त्यानंतर चिरिकाहुआंना कैदी म्हणून फ्लोरिडाला नेलं, लष्करासाठी माग काढणारे वाटाडेही त्यांच्यातच. सुटका १९१३ मध्ये सुरू झाली.