नॉक सेन्सर बदलला तरी कोड परत येतोय. वायरिंग की ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर)?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, आठ वर्षं जुनी. महिन्याभरापूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०३२५, म्हणजे नॉक सेन्सरचं (इंजिनातलं नॉकिंग कंपनांवरून टिपणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. तेव्हापासून गाडीत दम नाही. चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो, पेट्रोलही जास्त पितेय. सेन्सरचा सिग्नल मिळेनासा झाला की ईसीयू खबरदारी म्हणून इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे हे होणारच. खरं नॉकिंग, ती खडखड, मात्र कधीच ऐकू आली नाही.

मेकॅनिकने कोड वाचला आणि थेट सेन्सर बदलला. मीही मान डोलावली. चार दिवस दिवा गायब, पाचव्या दिवशी तोच कोड हजर! आता म्हणतो ईसीयू गेलाय. इथे मात्र मी हात आखडता घेतला.

रविवारी स्वतः बसलो. सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, हात जेमतेम जातो, मनगट सोलवटून निघालं. कनेक्टरची एक पिन हिरवट पडली होती, ती साफ केली. काढलेला जुना सेन्सर नशिबाने टाकला नव्हता. तो व्हाइसमध्ये धरला, मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवला आणि शेजारी पान्याने हलकेच ठोकलं, तर आकडा दर ठोक्याला उडी मारतो. म्हणजे तो चांगलाच होता की काय? रेझिस्टन्स मात्र जुना-नवा दोन्हींचा मीटरच्या रेंजबाहेर. हे बरोबर आहे का?

कोड पुसला की थंड इंजिनवर काहीच नाही. वीसेक मिनिटं चालवून २५०० आरपीएमच्या वर नेली की दिवा लागतो. नवा सेन्सर मेकॅनिकने अंदाजाने आवळलाय, टॉर्क रेंच नव्हता. त्याने फरक पडतो का? ईसीयूला हात लावण्याआधी अजून काय तपासू?

प्रतिसाद:
मध्ये भोक असलेला चपटा सेन्सर असेल तर रेझिस्टन्स मेगाओहमच्या वरच दाखवणार, आत पिझो क्रिस्टल (कंपनं झाली की व्होल्टेज देणारा) असतो. काही सेन्सरांत २०० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो, तेव्हा मॅन्युअल बघाच. टॉर्कने फरक पडतो. चपटे सेन्सर साधारण २० न्यूटन मीटरला आवळतात. ढिला राहिला तर ब्लॉकची कंपनं नीट पोचत नाहीत, फार आवळला तर तडकतो. खाली वॉशर घालायचा नाही, ब्लॉकची जागा पुसून घ्यायची. पण गरम झाल्यावरच कोड येतोय, म्हणून माझा पहिला संशय वायरवर. बॅटरी सोडा, सेन्सर आणि ईसीयू दोन्हीकडचे कनेक्टर काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वायर अखंड असेल तर बीप वाजते) लावून वायर वीत-वीत हलवत जा. अर्थशी शॉर्ट आहे का तेही बघा.

धागाकर्ता:
सापडलं! मॅनिफोल्डच्या ब्रॅकेटपाशी हलवली की बीप बंद. टेप सोलली तर एक वायर आतून तुटलेली, नुसत्या इन्सुलेशनने धरून ठेवली होती. तेवढा तुकडा शील्डेड वायरने बदलला, सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवली, सेन्सर २० न्यूटन मीटरला आवळला. दोन आठवडे झाले, दिवा नाही, चढावर गिअर खाली घ्यावा लागत नाही. जुना सेन्सर पुसून डिकीत ठेवलाय.