शब्दचर्चा: ‘क्वांटम ग्रॅव्हिटी ग्रेडिओमीटर’ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम:
एका लेखाचं भाषांतर तपासते आहे. विषय आहे उपग्रहावरून पृथ्वीचं गुरुत्वीय क्षेत्र मोजण्याचा. यंत्राचं नाव भाषांतरकाराने ‘पुंज गुरुत्व प्रवणतामापक’ असं केलंय. सगळे शब्द परिभाषेतले, त्यामुळे चूक दाखवता येत नाही. पण मोठ्याने वाचलं की काही म्हणता काही कळत नाही. ‘प्रवण’ म्हटलं की मला अपघातप्रवण आणि दुष्काळप्रवण एवढंच आठवतं. गुरुत्वप्रवण म्हणजे काय, सारखा पडणारा? सुचवा काहीतरी.

जुनी वही:
प्रवण म्हणजे मुळात उतरता, एका बाजूला कललेला. अपघाताकडे कललेला तो अपघातप्रवण. लाक्षणिक अर्थ एवढा बोकाळला की मूळ अर्थाला घराबाहेर व्हावं लागलं. मी ‘ढाळ’ सुचवेन. शेताला ढाळ असतो, छपराला असतो, फरशीला पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम देतात. किती अंतरात किती उतरलं, एवढंच तर ग्रेडियंटमध्ये असतं. तेव्हा गुरुत्वढाळ, आणि यंत्र ते ढाळमापक.

शंकेखोर:
आणि यंत्राला ढाळ लागले तर? (ह. घ्या.)
एक खरी शंका. उपग्रहात शून्य गुरुत्व असतं ना? मग तिथे मोजणार काय?

तरंग:
‘शून्य गुरुत्व’ या शब्दाने फार घोळ घातलाय. 500 किमी उंचीवर गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे 86 टक्के असतं. फक्त उपग्रह आणि त्यातलं सगळं एकत्र पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. ‘वजनरहित’ म्हणा, काम भागतं.
पडत्या डब्यात बसून गुरुत्व किती ते कळत नाही. पण डब्याचं पृथ्वीकडचं टोक वरच्या टोकापेक्षा किंचित जास्त ओढलं जातं, आणि तो फरक पकडता येतो. जमिनीलगत एक मीटर वर गेलं की गुरुत्व कोटीत सुमारे तीन भागांनी घटतं. याचं एकक हंगेरियन शास्त्रज्ञ लोरांड ओत्वोश यांच्या नावाचं आहे. जमिनीलगतचा उभा ढाळ सुमारे 3000 ओत्वोश भरतो. म्हणून मला ‘ढाळ’ आवडला. यंत्र गुरुत्व मोजत नाही, त्याचा उतार मोजतं.
युरोपचा ‘गोचे’ उपग्रह 2009 ते 2013 हेच करत होता, जेमतेम 255 किमी उंचीवरून. त्यात त्वरणमापकांच्या तीन जोड्या होत्या, जोडीतलं अंतर अर्धा मीटर. ‘ग्रेस’ला मात्र ढाळमापक म्हणू नका. तिथे सुमारे 220 किमी अंतर राखून एकामागून एक धावणारे दोन उपग्रह होते (2002 ते 2017). खाली जड भाग आला की पुढचा आधी ओढला जातो, दोघांतलं अंतर बदलतं, आणि ते बदलणारं अंतर मोजायचं. भूजल किती उपसलं गेलं, बर्फ किती वितळलं, हे त्यातूनच कळलं.

अर्धविराम:
ढाळ घेतला. लेखात ग्रेसलाही प्रवणतामापक म्हटलं होतं, ते काढते. आता ‘पुंज’चं काय?

तरंग:
इथे खरी पंचाईत आहे. 1900 साली प्लांक यांनी ऊर्जा सुट्या गठ्ठ्यांत दिली-घेतली जाते असं मांडलं. तिथे ‘पुंज’ चपखल बसतो. पण या यंत्रात गठ्ठ्याला फारसं महत्त्व नाही, महत्त्व आहे ते अणूच्या तरंगरूपाला. लेझरने रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करायचे आणि मोकळे पडू द्यायचे. मग प्रकाशाचे तीन झटके. पहिल्याने प्रत्येक अणूचा तरंग दोन वाटांनी जातो, दुसऱ्याने वाटा परत एकमेकींकडे वळतात, तिसऱ्याने जुळतात. जुळताना किती पुढेमागे झालं त्यावरून त्वरण निघतं. कॅसेविच आणि चू यांनी 1991 मध्ये हे प्रयोगशाळेत करून दाखवलं. असे दोन ढग एकमेकांपासून अंतरावर ठेवून दोन्हींतला फरक घेतला की ढाळमापक तयार.
गंमत अशी की थंड अणूंचा तो ढगही मराठीत ‘पुंज’च होईल! ‘पुंज संवेदक’ वाचणाऱ्याला वाटणार, अणूंचा पुंज वापरतात म्हणून हे नाव. चुकीच्या वाटेने तो जवळपास बरोबर ठिकाणी पोचेल, पण क्वांटम म्हणजे ढग अशी समजूत घेऊन.

जुनी वही:
म्हणून पुंज टाकून देणार? पुंजयामिकी, पुंज सिद्धांत हे शब्द कितीतरी वर्षं रुळलेत. असं एकेक सोडत गेलो तर उरणार काय?

तरंग:
पुंजयामिकी राहू द्या की. तिथे गैरसमजाला जागा नाही. इथे मात्र ‘क्वांटम’ लिहावं आणि ढगाला ‘अणुपुंज’ न म्हणता मेघ म्हणावं.

शंकेखोर:
मला तर वाटतं ‘थंड अणूंचा ढाळमापक’ म्हणावं. साध्या वाचकाला क्वांटम म्हटल्याने काय जास्त कळलं?

अर्धविराम:
मथळ्यात क्वांटम लागेल, पण आत तुमचं नाव वापरते. मसुद्यात आणखी दोन वाक्यं खटकली: ‘परमाणूंमध्ये व्यत्यय निर्माण केला जातो’ आणि ‘परमाणू एकसारखे असल्याने अचूकता टिकते’.

जुनी वही:
हिंदीतून आलेलं दिसतंय. तिकडे परमाणु म्हणजे आपला अणू, आणि तिकडचा अणु म्हणजे आपला रेणू. आणि ‘व्यत्यय’ म्हणजे अडथळा. तरंग एकमेकांत मिसळतात त्याला व्यतिकरण म्हणतात. व्यत्यय लिहिलं तर कुणीतरी प्रयोग बंद पाडतंय असं वाटेल.

तरंग:
दुसऱ्या वाक्यातला मुद्दा मात्र ठेवा. गोचेमध्ये घडवलेले धातूचे ठोकळे होते. रुबिडियमच्या एकाच समस्थानिकाचा प्रत्येक अणू हुबेहूब दुसऱ्यासारखा असतो, तो झिजत नाही. शिवाय अवकाशात अणू जास्त वेळ मोकळे पडू शकतात, आणि वेळ दुप्पट झाला की संवेदनक्षमता चौपट.
लेखात पुढच्या मोहिमा असतील तर एक भेद जपा. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने 2025 मध्ये ज्याची माहिती दिली ते यंत्र दोन मेघांचं आहे, म्हणजे ढाळमापक. युरोपच्या ‘कॅरिओका’त क्वांटम त्वरणमापक आहे. दोन्हींना एकच नाव नको.

अर्धविराम:
बरं झालं सांगितलंत, मसुद्यात दोन्हींना एकच नाव होतं. शेवटचं वाक्य आता असं केलंय: ‘दोन अणूमेघांच्या त्वरणांतला फरक म्हणजे त्या ठिकाणचा गुरुत्वढाळ.’

ह्रस्वदीर्घ:
मध्येच बोलतो, माफ करा. ‘फरक म्हणजे ढाळ’ नव्हे, फरक भागिले मेघांमधलं अंतर. आणि अणूमेघ नव्हे, अणुमेघ. एकटा असताना अणू दीर्घ, समासात पुढे आला की ह्रस्व. तुम्ही गुरू दीर्घ लिहिता आणि गुरुत्व ह्रस्व, तसंच.

अर्धविराम:
दोन्ही दुरुस्त केलं.