सोसायटीच्या ग्रुपमधले नंबर जाहिरातवाल्यांच्या हाती लागले आहेत; काय करावे?

सचिवबाई:
आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती आणि गणपतीची वर्गणी एवढ्यापुरता काढलेला आहे. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र त्यातील सभासदांना, विशेषतः ज्येष्ठांना, न विचारता अनोळखी ग्रुपांत ओढले जात आहे. माझ्या सासऱ्यांना एकाच आठवड्यात अशा तीन ग्रुपांत घातले गेले. एकात कोणी ‘प्रोफेसर’ रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी एका शेअरचे नाव सांगतात, त्यांच्या ‘असिस्टंट’ मॅडम सर्वांची प्रेमाने विचारपूस करतात, आणि बाकीची मंडळी ‘थँक यू सर, आज अठरा हजार सुटले’ असे म्हणत नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत राहतात. उरलेले दोन ग्रुप प्लॉटविक्रीचे आणि गुडघेदुखीच्या तेलाचे आहेत. सासऱ्यांनी १९०९ वर डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिरातींचे फोन-एसएमएस नकोत अशी नोंद) नोंदवलेले आहे. त्याने फोन कमी झाले, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर काडीचाही फरक पडला नाही. असे का होते, आणि सचिव या नात्याने मी काय करू शकते?

तळटीप:
डीएनडीचा उपयोग झाला नाही यात तुमच्या सासऱ्यांची काही चूक नाही. १९०९ ची व्यवस्था दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या २०१८ च्या विनियमांवर चालते आणि ते विनियम फोन व एसएमएस यांनाच लागू आहेत. तिथे जाहिरातदाराला नोंदणी करावी लागते, प्रेषकाचे नाव मंजूर करून घ्यावे लागते, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर जाहिरातीच्या एसएमएसच्या प्रेषक-नावाअखेर ‘पी’ हे अक्षरही येते. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश इंटरनेटवरून जात असल्यामुळे या कुंपणाबाहेर राहतात, आणि एसएमएसची वाट अडली म्हणताच बरीचशी गर्दी इकडे वळली, असे माझे मत आहे.

सासऱ्यांच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स असे जाऊन ‘एव्हरीवन’च्या जागी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. ही सोय २०१९ पासून आहे, पण ती आपण होऊन चालू होत नाही. त्यानंतर अनोळखी माणसाला त्यांना परस्पर ग्रुपात घालता येणार नाही; फार तर तो आमंत्रणाचा दुवा पाठवू शकेल. आत्ताच्या तीन ग्रुपांतून नुसते बाहेर पडू नका, ग्रुपविरुद्ध ‘रिपोर्ट’ करून मग बाहेर पडा. रिपोर्ट केल्यावर तिथले शेवटचे काही संदेश व्हॉट्सअ‍ॅपकडे पोहोचतात.

तेलाचा आणि प्लॉटचा ग्रुप हा उपद्रव आहे, प्रोफेसरांचा ग्रुप हा सापळा आहे, आणि या दोहोंना एकाच मापाने मोजू नये. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’ची नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सासऱ्यांनी अजून पैसे भरले नसतील तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षु’ या सोयीत तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर हा धागा वाचत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

गच्चीवरचा:
एक विचारतो: तुमच्या ग्रुपाचा क्यूआर कोड कुठे चिकटवलेला आहे का?

सचिवबाई:
आहे. लिफ्टमध्ये, आरशाच्या शेजारी. नव्या भाडेकरूंची सोय म्हणून मीच लॅमिनेट करून लावला होता.

गच्चीवरचा:
मग वाट तिथूनच फुटली असण्याचा संभव मोठा आहे. पार्सल घेऊन आलेला कोणीही तो कोड स्कॅन करून आत येऊ शकतो, आणि एकदा आत आला की सर्व सभासदांचे नंबर त्याच्यापुढे उघडे पडतात. ते उतरवून घेतल्यावर तो निमूटपणे निघून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या इमारतीत हेच घडले होते. ग्रुपाच्या माहितीत जाऊन आमंत्रणाचा दुवा ‘रीसेट’ करा, म्हणजे जुना कोड निकामी होईल, आणि नव्या सभासदाला अ‍ॅडमिनची संमती लागेल अशी सोय चालू करा. शिवाय केवळ सूचनांसाठी ‘कम्युनिटी’ काढली, तर तिच्या सूचना-ग्रुपात सामान्य सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आमच्याकडे वर्गणीच्या हिशेबावरून होणारी भांडणेही त्यामुळे थांबली, हा वरचा नफा.

भाजणीवाली:
मी दिवाळीचा फराळ आणि भाजणी विकते, तेव्हा दुसऱ्या बाजूनेही थोडे लिहिते. चार वर्षांपूर्वी आमच्या भागातील दहा हजार नंबरांची यादी आणि एकगठ्ठा संदेश पाठवण्याचे सॉफ्टवेअर एकाने मला विकले. आज लाज वाटते, पण तेव्हा त्यात काही वावगे आहे असे मनातही आले नव्हते. तिसऱ्या दिवशी माझ्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅपने बंदी घातली आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीसुद्धा त्यातच अडकून पडल्या. ऐन वसुबारसेला मी घरोघरी फोन करत बसले होते. आता ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ वापरते. तिचे संदेश ज्यांनी माझा नंबर स्वतः जतन केला आहे त्यांनाच पोहोचतात, त्यामुळे मी शंभर जणांना पाठवते आणि चाळीस जण चकली मागवतात. त्या दहा हजारांतून सहा ऑर्डरी आल्या होत्या.

सचिवबाई:
सर्वांचे आभार. सासऱ्यांनी पैसे भरलेले नाहीत, मात्र प्रोफेसरांनी पाठवलेले अ‍ॅप त्यांनी फोनमध्ये घेऊन ठेवले होते. ते काल काढून टाकले. ग्रुपाचा दुवा बदलला आहे. लिफ्टमधला कोड खरवडून काढला, पण त्याखालचा डिंक काही निघत नाही, आणि आज सकाळी त्याच जागी कोणीतरी पाण्याच्या फिल्टरची जाहिरात चिकटवून गेले आहे.