'जिद्द असली की झालं' म्हणणाऱ्यांसाठी

शाईचा डाग:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "विद्यापीठात जायला जिद्द लागते, घरच्या परिस्थितीची रडगाणी नकोत." रात्रभर डोक्यात किडा वळवळत होता, म्हणून वेगळा धागा. आमच्याकडे शाळेपुढे कुणी गेलं नव्हतं. प्रवेशअर्जात 'पालकांचे शिक्षण' हा रकाना आला तसं बाबांनी पेन टेकवलं, उचललं, नि कागद माझ्याकडे सरकवला. "तूच लिही, तुझं अक्षर बरंय." जिद्द होती हो. पण मला हवा तो विषय विद्यापीठात शिकवतात, हेच मुदत संपल्यावर कळलं!

एकमार्गी:
'कुणीतरी' म्हणजे मीच. माझे आईवडील निरक्षर. मी गेलो. विषय संपला.

मधलं पान:
तुमचा संपला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या दहा हजारांवर मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलाय. बुद्धी सारखी असूनही सुस्थितीतल्या घरची मुलं कॉलेजात जास्त गेली. आईवडील, शिक्षक, मित्र काय धरून चालतात, त्याचाही वाटा निघाला.

एकमार्गी:
आता शिक्षकांच्या अपेक्षांवरचा, १९६८ साली छापून आलेला तो अमेरिकन प्रयोगही काढा. चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही मुलं निवडली, शिक्षकांना सांगितलं 'ही चमकणार', नि बुद्ध्यांक वाढला म्हणे. फरक मुख्यतः पहिली-दुसरीतच दिसला, हे सोयीस्कर विसरायचं. माझ्याकडून तर कुणालाच कसली अपेक्षा नव्हती.

कोरा कागद:
अवांतर: तो रकाना असतोच कशाला? आमच्या सरांनी भर वर्गात वाचून दाखवला होता.

मधलं पान:
घरातून पहिल्यांदा शिकणारं कोण, हे कळल्याशिवाय मदत कुणाला करणार?

कोरा कागद:
मदत? मला शेवटचा बाक मिळाला.

मधलं पान:
तो दोष सरांचा, रकान्याचा नाही.

कोरा कागद:
तुमच्या रकान्यात काय असायचं हो?

मधलं पान:
दोघेही प्राध्यापक. म्हणून मला 'जायचंय का' असं कुणी विचारलंच नाही. नावडता विषय तीन वर्षं ओढला.

कोरा कागद:
अरेरे! विद्यापीठात जावं लागलं बिचाऱ्यांना.

मधलं पान:
टोमणे मारायचे तर मारा, पण मुद्दा तोच आहे ना?

शाईचा डाग:
रकाना पुरे, धागा माझा आहे. एकमार्गी, एकच सांगा. तुमचा अर्ज कुणी भरला?

एकमार्गी:
शेजारच्या ताईने. ती दोन वर्षं पुढे होती. शुल्कमाफीचा कागदही तिनेच आणला, मला तर असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. घ्या, जिद्द अधिक शेजारीण. खूश?

कोरा कागद:
आणि रकान्यात काय लिहिलं तिने?

एकमार्गी:
आडवी रेघ.