टमी टक (पोटाची सैल कातडी काढून स्नायू जवळ शिवायचं ऑपरेशन) केलंय का कोणी? घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस कसे जातात?

सावली२२
नमस्कार, दुसऱ्या वेळी जुळी झाली, आता ती ५ वर्षांची आहेत. वजन उतरवलंय आणि वर्षभर तेवढंच आहे पण पोटाची कातडी लोंबतेय ती लोंबतेयच, आणि झोपून उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. डॉक्टर म्हणाले स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत, व्यायामाने बरंच केलं पण आता याहून जवळ येतील असं वाटत नाही. ऑपरेशनचं सगळं नीट समजावलं त्यांनी, पण घरी आल्यावरचं "दोन आठवडे आराम" एवढंच बोलले. मला तेच जाणून घ्यायचंय. दुखतं किती, ती ड्रेनची नळी काय प्रकार असतो, सरळ कधी उभं राहता येतं? खरं खरं सांगा, घाबरवलंत तरी चालेल.

निळी_छत्री
सावली, मी १४ महिन्यांपूर्वी केलं. माझंही स्नायू शिवायचं होतं त्यामुळे सांगू शकते.

दुखणं वरच्या टाक्यांचं तितकं नसतं गं, आतले स्नायू ओढून जवळ शिवतात त्याचं असतं. आतून कोणीतरी पोट घट्ट आवळून धरलंय असं सतत वाटतं. पहिले तीन-चार दिवस जड गेले, गोळ्या वेळेवर घेतल्या तर सहन होतं, दुखायला लागल्यावर घेऊ म्हटलं की मग आटोक्यात येत नाही. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. आणि त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचं औषध आधीच विचारून ठेव, जोर लावायची वेळ येऊच देऊ नकोस.

कातडी ताणून शिवलेली असते म्हणून कमरेत वाकूनच चालावं लागतं. मी साधारण बाराव्या दिवशी सरळ झाले. वाकून वाकून माझी कंबर पोटापेक्षा जास्त दुखली, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! झोपायचं उताणं, डोक्याखाली उशा आणि गुडघ्यांखाली पण दोन. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताने रेटा देऊन उठायचं. हे ऑपरेशनच्या आधी आठवडाभर करून बघ, नंतर खूप सोपं जातं.

ड्रेन म्हणजे आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढायची बारीक नळी आणि टोकाला मुठीएवढा फुगा. मी गाउनला आतून सेफ्टी पिनने अडकवायचे. सकाळ-संध्याकाळ तो रिकामा करून किती आलं ते वहीत लिहायचं, मग फुगा दाबून धरून झाकण लावायचं, तरच तो पाणी ओढतो. आधी गडद लाल, चौथ्या-पाचव्या दिवशी गुलाबी, मग फिकट पिवळं. माझ्या डॉक्टरांनी २४ तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर काढला, नववा दिवस होता. काढताना दुखलं नाही, आत काहीतरी सरकल्यासारखं विचित्र वाटलं, दोन सेकंदं.

पहाटवारा
बायकोचं झालं तेव्हा सगळं मी बघितलं म्हणून लिहितोय. पहिले दोन दिवस चोवीस तास कोणीतरी जवळ हवंच, बाथरूमला जायला सुद्धा. आणि सूज. तिला वाटलं होतं पोटाला बांधलेला पट्टा काढला की पोट सपाट दिसेल, पण सकाळी बरं असायचं आणि संध्याकाळी परत फुगायचं, असं तीन-चार महिने चाललं. दुसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभी राहून रडली, म्हणाली उगाच केलं. त्या दिवसांत निकाल ठरवू नका ताई, प्लीज. व्रण वर्षभर तरी लालसरच असतो, मग हळूहळू फिका पडतो.

संध्याकाळ_७
मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. वरचं सगळं बरोबर आहे, दोन-तीन गोष्टी जोडते. आराम म्हणजे पडून राहणं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वाकून का होईना चालायचं, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीत दुखणं किंवा सूज, अचानक दम लागणं, छातीत दुखणं असं झालं तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सी. ताप, जखमेतून पू, कडेची कातडी काळसर पडणं, ड्रेन काढल्यावर पोटात पाणी हलल्यासारखं वाटणं हे पण त्याच दिवशी कळवायचं.

सिगरेट असेल तर निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उघडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी साध्या वेदनाशामक आणि आयुर्वेदिक सुद्धा, सगळ्यांची यादी डॉक्टरांना द्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका. अजून मूल हवं असेल तर थांबा, गरोदरपणात शिवलेले स्नायू परत ताणले जातात.

सावली२२
खूप खूप आभार, हेच हवं होतं. मुलं आता पूर्ण झाली आमची. एकच राहिलं, धाकटी रात्री उचलून घे म्हणते, किती दिवस नाही म्हणू? आणि बेंबीखाली बधिर राहतं म्हणतात ते खरं का?

निळी_छत्री
सहा आठवडे उचलायचं नाही, नंतरही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. मी खुर्चीत बसायचे आणि मुलगा शेजारच्या स्टुलावर चढून गळ्यात पडायचा, पोटावर भार येत नाही. बधिरपणाचं खरं आहे. माझं बरंच परत आलं पण व्रणाच्या वरची तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे, ती तशीच राहू शकते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून तिथे गरम पिशवी अजिबात ठेवू नकोस, भाजलेलं कळत नाही.