व्हाइट हाउसमधल्या चहाड्या आपण कशाला वाचायच्या?

टिळकवाडीकर: ट्रम्पच्या कारभारात कोण कुणाचे पाय ओढतंय, कुणाची खुर्ची डळमळतेय, हे वाचणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं इथं दोघातिघांचं म्हणणं पडलं. मला पटलं नाही. तिथं चहाडी हाच कारभार आहे. मे २०१७ मध्ये एफबीआयचे संचालक जेम्स कोमी लॉस एंजेलिसला आपल्याच कर्मचाऱ्यांपुढं बोलत होते. हॉलमधल्या टीव्हीवर पट्टी आली, कोमींना काढलं. त्यांना वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री टिलरसन यांची उचलबांगडी ट्विटवरून जाहीर. साहेबालाच आपली नोकरी गेल्याचं टीव्हीवरून कळत असेल, तर खालच्या माणसांनी कुजबुजीवर नाही तर कशावर विसंबायचं?

निपाणीकर: चहाडी करतं कोण तेही बघा की. ज्याची बढती हुकली तो. बदली झालेला क्लार्क चहाच्या गाड्यावर काय सांगतो, त्यावरून साहेबाची पारख करता काय? हे सगळं वाचूनच लोकांनी २०२४ ला ट्रम्पला परत निवडून दिलं.

टिळकवाडीकर: मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा ‘सिग्नल’ या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर चाललेली, आणि त्या ग्रुपात ‘अटलांटिक’ मासिकाचे संपादक! संरक्षणमंत्री विमानं किती वाजता उडणार ते लिहितायत, संपादक वाचतायत. हे कुठल्या क्लार्कनं फोडलं? ग्रुप खुद्द सुरक्षा सल्लागार वॉल्ट्झ यांनी केलेला.

शहापूरची लेक: माझा राग वेगळाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निनावी लेख आला, की आम्ही काहीजण आतूनच अध्यक्षांना आवरतोय. दोन वर्षांनी कळलं, लिहिणारा गृहसुरक्षा खात्यातला माइल्स टेलर. मधे टीव्हीवर विचारलं तेव्हा चक्क ‘मी नव्हे’ म्हणाला. एवढंच खुपत होतं तर राजीनामा तोंडावर फेकून नावानिशी बोलायचं.

उद्यमबागवाला: तुम्ही तत्त्वाचं भांडूलालाय, माझं पोट त्यावर आहे. आमचं कास्टिंगचं काम. ९ एप्रिल २०२५ ला अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी ग्रीअर तिथल्या संसदेच्या समितीपुढं टॅरिफची, म्हणजे आयात कराची, बाजू मांडत बसलेले, आणि तेवढ्यात ट्रम्पची पोस्ट: ९० दिवस स्थगिती. एका खासदारानं तिथंच त्यांना धरलं, हे तुम्हाला ठाऊक होतं काय म्हणून. इकडं आमच्या पेट्या खिळे ठोकून तयार, पाठवायच्या की थांबवायच्या? एजंटाला फोन लावला तर तो मलाच विचारूलालाय. तेव्हापासून तिथं आज कोण कुणाच्या कानाला लागलाय, ते मी रोज वाचतो.

निपाणीकर: स्थगिती तुमच्या फायद्याचीच की हो. आणि २०१९ आठवा. आपल्या बेळगावकडचे आमदार मुंबईच्या हॉटेलात, कर्नाटकातलं कुमारस्वामींचं सरकार बेंगळूरला गॅसवर. किती कुजबूज, किती चहाड्या! डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत गोकाक, अथणी, कागवाड, तिन्हीकडं त्याच फुटून अपात्र ठरलेल्यांना आपण निवडून दिलं. लोक काम बघतात.

शहापूरची लेक: काम की जात, पैसा आणि घराणं? गोकाकात तर सख्खे भाऊच समोरासमोर होते.

उद्यमबागवाला: फायदा कसला निपाणीकर? २०२५ च्याच ऑगस्टात भारतावरचा टॅरिफ ५० टक्के झाला. काम बघा म्हणताय, तेच बघूलालोय.