भौतिकशास्त्रज्ञ व्हावेसे वाटते, पण ही ओढ खरी आहे हे कसे ओळखावे?

प्रश्न

नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे. शाळेत असताना कृष्णविवरे, महास्फोट, गुरुत्वीय लहरी यांविषयी जे हाती येईल ते मी वाचत असे आणि त्या वाचनातूनच भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे असे मनाशी ठरवले होते. प्रत्यक्षात मात्र माझा बहुतेक वेळ विकलक समीकरणे सोडवण्यात, विद्युतचुंबकत्वाच्या उदाहरणांत आणि प्रयोगवहीत त्रुटींचे हिशेब मांडण्यात जातो. गुण बरे मिळतात, पण वर्गातल्या पहिल्या दोघातिघांत माझे नाव नसते. एखादे अवघड उदाहरण सुटले की दिवसभर आनंद टिकतो. उलट कधी कधी आठवडाभर काहीच सुटत नाही आणि आपली कुवतच नाही असे वाटू लागते.

मला भौतिकशास्त्र आवडते की केवळ त्याविषयीच्या गोष्टी आवडतात, हे कसे ओळखावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडूनच आणखी दोन शंका आहेत. सैद्धांतिक की प्रायोगिक, हे कशावरून ठरवावे? आणि पीएचडीनंतर संशोधनसंस्थेत कायमची जागा मिळालीच नाही, तर तोवर घातलेल्या वर्षांचे काय? घरच्यांचा विरोध नाही, परंतु त्यांनी विचारले तर नीट उत्तर देता यावे, इतके तरी मला स्वतःला स्पष्ट हवे आहे.

पहिले उत्तर (प्रायोगिक संशोधन करणाऱ्याचे)

तुमचा मुख्य प्रश्न योग्य आहे आणि तो योग्य वेळी पडला आहे. अनेकांना तो पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पडतो आणि तेव्हा त्याचे उत्तर शोधणे फार जड जाते.

तुम्ही गुरुत्वीय लहरींचा उल्लेख केला आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो या अमेरिकी प्रकल्पाच्या दोन्ही वेधशाळांना जो संकेत मिळाला, तो जेमतेम एक पंचमांश सेकंद टिकला. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, ही त्यातली गोष्ट जगभर पोहोचली आणि ती पोहोचायलाच हवी होती. पण त्या क्षणामागे चार दशकांहून अधिक काळाचे काम होते. रायनर वाइस यांनी १९७२ मध्येच अशा उपकरणाचा आराखडा मांडताना कोणकोणत्या गोंगाटामुळे मापन बिघडू शकेल याचा एकेक करून हिशेब केला होता. ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या एक सहस्रांशाहूनही कमी बदल ओळखायचा असेल, तर जमिनीची थरथर, आरशांच्या लेपातील रेणूंची उष्णताजन्य हालचाल, लेसरच्या तीव्रतेतील चढउतार, नळीत उरलेला वायू या प्रत्येकाचा वाटा किती हे माहीत असावे लागते. तुम्ही ज्यांना प्रयोगवहीतले त्रुटींचे हिशेब म्हणता, त्यांचेच हे मोठे रूप आहे. आयुष्यातली दहा वर्षे केवळ आरशांच्या लेपावर काम करणाऱ्या व्यक्तीलाही मी कृष्णविवरांचा अभ्यासक मानतो.

म्हणून मी तुम्हाला एक कसोटी सुचवतो. पुढच्या प्रयोगात दोन वाचने जुळली नाहीत, तर तुमच्या मनात काय येते ते पाहा. वही पूर्ण करून मोकळे व्हावे असे वाटते, की फरक कुठून आला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही? मला स्वतःला एकदा निर्वात कक्षातील गळती शोधायला अकरा आठवडे लागले होते. प्रत्येक सांध्याजवळ हेलियमचा बारीक झोत सोडायचा आणि गळतीशोधकावरचा आकडा हलतो का ते पाहायचे, असा तो रोजचा क्रम होता. शेवटी सांधा घट्ट बंद करणाऱ्या एका तांब्याच्या कड्यावर (गॅस्केटवर) केसाएवढा ओरखडा सापडला. त्या अकरा आठवड्यांत मी एकही नवे मापन केले नाही, तरी ते काम सोडून द्यावे असे मला वाटले नाही. हा स्वभाव गुणपत्रिकेत दिसत नाही, आणि प्रयोगशाळेत मात्र त्याच्यावाचून चालत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातील संशोधकांना जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी संस्थेहून सुमारे ७३० किलोमीटर दूर, इटलीत असलेल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म, विद्युतभाररहित कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचलेले दिसले. त्यांनी निष्कर्ष जाहीर करतानाच इतरांना तो तपासण्याचे आवाहन केले आणि स्वतःही तपास चालू ठेवला. पुढच्या वर्षी नीट न जोडलेली एक प्रकाशतंतूची केबल हे मुख्य कारण निघाले. आपली चूक सर्वांसमोर सापडू शकते हे मान्य करून काम करता येणे, हा या व्यवसायाचा फार मोठा भाग आहे. तुमच्या मनाची त्याला तयारी आहे का, याचा विचार आताच करा.

सैद्धांतिक की प्रायोगिक हे आज ठरवू नका. एका सुट्टीत दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढा, दुसऱ्या सुट्टीत एखाद्या सैद्धांतिक संशोधकाकडे छोटा प्रकल्प करा. केवळ विचार करून हे ठरत नाही.

दुसरे उत्तर (सैद्धांतिक संशोधन करणाऱ्याचे)

वरील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, पण गणिताविषयी अधिक स्पष्ट बोलणे गरजेचे वाटते. गणित फारसे न येताही मोठे संशोधन करता येते, असा दिलासा देताना हटकून फॅराडे यांचे नाव घेतले जाते. फॅराडे यांचे औपचारिक शिक्षण फारच थोडे झाले होते, आणि क्षेत्ररेषांची त्यांची कल्पना विलक्षण होती, हे दोन्ही खरे आहे. तथापि त्या कल्पनेतून प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे इथवर पोहोचण्यासाठी मॅक्सवेल यांचे गणित लागले. आज या क्षेत्रात येणाऱ्याला विकलक समीकरणे, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र यांपासून सुटका नाही, मग तो प्रयोगशाळेत बसो की फळ्यासमोर. मात्र आठवडाभर उदाहरण न सुटणे हे कुवत नसल्याचे लक्षण मुळीच नव्हे. मी गेला महिनाभर एका आकडेमोडीतले चुकलेले चिन्ह शोधत होतो.

तुमच्या मुख्य प्रश्नासाठी माझी कसोटी वेगळी आहे. पाठ्यपुस्तकातले सुटलेले उदाहरण घ्या आणि त्यातली एक अट बदला. साध्या दोलकाचा आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, दोलविस्तारावर (तो किती कोनातून झुलतो यावर) अवलंबून नसतो असे आपण शिकतो, परंतु ते फक्त लहान कोनांपुरते खरे असते. दोलक ६० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल नेहमीच्या सूत्रापेक्षा साधारण ७ टक्के, तर ९० अंशांवरून सोडला तर साधारण १८ टक्के वाढतो. हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून स्वीकारू नका. ऊर्जेच्या अक्षय्यतेपासून सुरुवात करून आवर्तकालाचे संकलन (इंटिग्रल) मांडा, संगणकावर त्याचे मूल्य काढा, आणि मग दोरा व स्टॉपवॉच घेऊन मोजून पाहा. यातला कोणता टप्पा करताना वेळेचे भान राहत नाही, यावरून सैद्धांतिक की प्रायोगिक या शंकेचेही थोडे उत्तर मिळेल.

सैद्धांतिक मार्ग निवडणार असाल, तर प्रतीक्षेची सवय करावी लागते. पाउली यांनी न्यूट्रिनोची कल्पना १९३० मध्ये मांडली आणि तो प्रयोगात १९५६ मध्ये सापडला. हिग्ज बोसॉन या मूलभूत कणाचे भाकीत १९६४ चे, तर त्याच्या शोधाची घोषणा २०१२ ची. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेतखुजा, म्हणजे इंधन संपून आकुंचन पावलेल्या, ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेची आकडेमोड १९३० मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, इंग्लंडच्या जहाजप्रवासात केली. १९३५ मध्ये ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी जाहीर सभेत त्यांच्या निष्कर्षाला कडाडून विरोध केला. चंद्रशेखर यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही, पण वादातही आयुष्य घालवले नाही; त्या विषयावर ग्रंथ लिहून ते दुसऱ्या विषयाकडे वळले, आणि पुढेही दर काही वर्षांनी नवा विषय घेत राहिले. नोबेल पारितोषिक त्यांना १९८३ मध्ये मिळाले. मला त्यांच्या चरित्रातली ही विषय बदलण्याची तयारी फार शिकण्यासारखी वाटते, कारण एकाच प्रश्नाला चिकटून थांबलेले अनेक हुशार लोक मी पाहिले आहेत.

तिसरे उत्तर (विद्यापीठाबाहेर गेलेल्याचे)

कायमची जागा न मिळण्याच्या तुमच्या शंकेला वर कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. पीएचडी पूर्ण करणाऱ्यांच्या मानाने कायमच्या संशोधनपदांची संख्या बरीच कमी असते, आणि हे जवळजवळ सर्व देशांत खरे आहे. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या कराराची पोस्टडॉकची पदे येतात, बहुधा प्रत्येक वेळी नव्या शहरात किंवा नव्या देशात. मी अशी दोन पदे केली आणि कायमची जागा मिळाली नाही. ते दिवस कठीण होते आणि घरच्यांनाही ते कठीण गेले, हे मी झाकून ठेवणार नाही.

त्यानंतर वेगळे प्रशिक्षण घेऊन मी वैद्यकीय भौतिकीत आलो. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या रेषीय त्वरक या यंत्राची किरणमात्रा आयनीभवन कक्ष या मापक उपकरणाच्या साहाय्याने तपासणे आणि उपचाराच्या नियोजनातील हिशेब पडताळणे, हे माझे रोजचे काम आहे. रुग्णाला ठरवून दिलेल्या मात्रेत ५ टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, हा या क्षेत्रातला सर्वसाधारण दंडक आहे. कणभौतिकीत कण टिपणाऱ्या उपकरणांवर काम करताना अनिश्चिततेचा जो विचार शिकलो, तोच येथे कामी येतो, आणि येथे त्या आकड्याच्या पलीकडे एक माणूस असतो. मी स्वतःला आजही भौतिकशास्त्रज्ञच म्हणवतो. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला होता, हेही लक्षात असू द्या.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. विषय निवडताना जेवढा विचार कराल, त्याहून अधिक विचार मार्गदर्शक निवडताना करा. माझे पहिले मार्गदर्शक नामवंत होते, पण दोन वर्षे माझे लिखाण कोणी वाचलेच नाही. प्रवेश घेण्यापूर्वी त्यांच्या तीन-चार माजी विद्यार्थ्यांशी बोललो असतो, तर ते मला तेव्हाच कळले असते. त्यांना किती वर्षे लागली, शोधनिबंधावर त्यांचे नाव कोणत्या क्रमाने आले, सध्या ते काय करतात, आणि पुन्हा तिथेच जातील का, हे नि:संकोच विचारा. शिवाय प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्स आताच मन लावून शिका, कारण यांचा उपयोग दोन्ही वाटांवर होतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. घरच्यांना तिसरे उत्तर वाचायला दिले आणि आमचे पहिल्यांदाच या विषयावर मोकळेपणाने बोलणे झाले. दुसऱ्या उत्तरात सुचवलेले दोलकाचे उदाहरण मी केले. संकलन मांडायला दोन संध्याकाळी लागल्या, पण ९० अंशांसाठी १.१८ हे गुणोत्तर आले. मग १ मीटर लांबीचा दोरा घेऊन दहा दोलनांचा वेळ मोजला आणि त्याला दहाने भागले, तर वाढ १२ टक्केच मिळते. चार वेळा मोजले तरी तेवढीच येते. माझे संकलन चुकले आहे की मोजणी, हे कळत नाही, आणि कालपासून डोक्यातून जातही नाही.

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

संकलन बरोबर आहे. हवेच्या विरोधामुळे दोलविस्तार घटत जातो, त्यामुळे दहा दोलनांची सरासरी ही ९० अंशांची राहत नाही. १२ टक्के वाढ साधारण ७५ अंशांशी जुळते, तेव्हा दहाव्या दोलनापर्यंत तुमचा कोन ६० अंशांच्या आसपास आला असावा. तसे झाले का ते पाहा. आता फक्त पहिले दोलन मोजा. एका मोजणीत ०.१ सेकंदाची अनिश्चितता धरली, तर २५ मोजण्यांच्या सरासरीत ती ०.०२ सेकंदावर येते, आणि तुम्हाला शोधायचा फरक सुमारे ०.३६ सेकंदाचा आहे, म्हणजे तो सहज दिसायला हवा. मोबाइलवर चित्रफीत घेतलीत तर त्याच चौकटींवरून प्रत्येक दोलनाचा कोनही वाचता येईल. दोलनागणिक कोन आणि आवर्तकाल यांचा तक्ता करा आणि तुमच्या संकलनाचा वक्र त्यावरच काढा. गोळा जड आणि लहान घेतल्यास घट कमी होईल, म्हणून दोन वेगळ्या गोळ्यांनी मोजलेत तर अधिक बरे.